भित्र्याची काठी

मॉडेल विमानाचे इंजिन सुरू करण्यासाठी एक काठी वापरतात. दीड वीत लांबीची, टोकाला रबरी नळीचा तुकडा चढवलेली. बोटाऐवजी त्या काठीने पंख्याच्या पात्याला झटका द्यायचा, एवढेच तिचे काम. इंग्रजीत या काठीला ‘चिकन स्टिक’ असे नाव पडले आहे. सरळ मराठीत सांगायचे तर भित्र्याची काठी! ज्याने हे नाव ठेवले त्याने थट्टेनेच ठेवले असणार. पण काही थट्टा महाग पडतात. माझे या लेखातले भांडण त्या नावाशी आणि त्या नावामागे उभ्या असलेल्या आपल्या सर्वांच्या एका समजुतीशी आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या पंख्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आधी थोडे स्वतःविषयी सांगतो. माझे घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. शाळा सारी मराठीतून झाली. आईचे माहेर खानापूर तालुक्याच्या अशा भागात, जिथे एकाच अंगणात मराठी नि कन्नड दोन्ही ऐकू येतात. त्यामुळे कन्नडही कानावर पडत पडत आपोआप आले. माझी एक मावशी पेडणे तालुक्यात दिली आहे. तिचा थोरला मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. विमानाचे वेड त्याचे. मी केवळ शेपटी धरणारा. पण शेपटी धरणाऱ्यालाही काही जबाबदारी असते, हे मला उशिरा कळले. त्या उशिराची भरपाई म्हणून हा लेखनप्रपंच.

पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले नि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रवासी विमाने उतरू लागली. ज्या गावांनी आजवर विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ एवढेच पाहिले होते, त्यांच्या माडांवरून आता पोटाखालची चाके दिसतील इतक्या खालून विमाने जाऊ लागली. साहजिकच पोरांच्या डोक्यात विमान शिरले. दादाने कोणाकडून तरी एक जुने ग्लो-प्लगचे इंजिन मिळवले आणि हलक्या लाकडाचे विमान स्वतःच्या हाताने जोडले. पंख कागदाने मढवले, रंगवले. तीन महिने तो दुसरे काही बोलत नव्हता.

विमानतळाच्या शेजारी मात्र असली विमाने उडवता येत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत रिमोटवर चालणारे यंत्र उडवायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. दादा कायदा पाळणारा मुलगा. म्हणून मे महिन्याच्या सुटीत विमान पोत्यात गुंडाळून तो आमच्याकडे डिचोलीला आला. हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे जे झाले ते कुणा बेफिकीर, उडाणटप्पू मुलाच्या हातून झाले असे कोणी समजू नये. आकाशातला नियम त्याला ठाऊक होता. हातापासून चार बोटांवर जे फिरत होते त्याचा नियम मात्र त्याला कोणी सांगितला नव्हता.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही संध्याकाळी गेलो. मी विमानाच्या मागे बसून दोन्ही हातांनी ते धरले होते. दादा पंख्यासमोर उकिडवा बसला होता. वाड्यावरची पोरे दोन्ही बाजूंना अर्धगोल करून उभी होती, म्हणजे नेमकी पंख्याच्या रेषेत. दादा उघड्या बोटाने पात्याला झटके देत होता. एकदा इंजिनाने उलटा तडाखा दिला. दादाने बोट झटकले, फुंकर घातली नि हसला. एक लहान पोर म्हणाले, “दादा, काठी घे रे!” दादा म्हणाला, “काठी म्हाताऱ्यांना.” आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

मग इंजिन लागले. एरंडेलाच्या जळक्या वासाचा धूर माझ्या तोंडावर आला आणि पंखा दिसेनासा झाला. इंजिन जरा अडखळत होते, म्हणून दादाने सुई फिरवायला हात पुढे केला. इंधन कमीजास्त करणारा जो बारीक स्क्रू असतो, त्याला सुई म्हणतात. तो पंख्याच्या लगेच मागे असतो. दादा समोर बसला होता, त्यामुळे त्याचा हात फिरत्या पंख्यावरून पलीकडे आला. मी ते पाहत होतो. “फाटल्यान यो”, मागून ये, एवढे दोनच शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण दादा मोठा, विमान त्याचे, इंजिन त्याचे. मी शेपटी धरणारा. शब्द ओठांवरच राहिले. पुढच्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलला.

उजव्या हाताच्या तर्जनीचे वरचे पेर गेले. कोणी हळद आणायला धावले, कोणी कॉफीची पूड. तुटलेला तुकडा एका पोराने शोधून आणला आणि आम्ही तो उघडाच बर्फात टाकून नेला. पात्याने तो आधीच चिरडला होता, त्यात आमचे हे अज्ञान! तो जोडण्याजोगा राहिला नाही. दादा गावच्या देवळात भजनाला तबला वाजवतो. तबल्याच्या किनारीवर ‘ना’ वाजतो तो तर्जनीने. आज तो वाजवतो, नाही असे नाही. पण मधल्या बोटाने. आणि वाजवताना माझ्याकडे पाहत नाही, किंवा मला तसे वाटते.

असो. आता भावनेची गोष्ट बाजूला ठेवून हिशेबाकडे वळतो, कारण तोच आमच्या शाखेचा धर्म.

साधारण मध्यम आकाराचे मॉडेल इंजिन मिनिटाला १२,००० फेरे सहज घेते. म्हणजे सेकंदाला २००. पंख्याला पाती दोन, तेव्हा एका जागी ठेवलेल्या बोटावर सेकंदाला ४०० वेळा पाते येणार. पंखा १० इंच व्यासाचा धरला तर त्याच्या टोकाचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर होतो. त्याला २०० ने गुणले की टोकाचा वेग सेकंदाला १६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५७५ किलोमीटर! एटीआर जातीचे दोन पंख्यांचे प्रवासी विमान आकाशात ताशी साधारण ५०० किलोमीटरने जाते. आपण ज्याला खेळणे म्हणतो, त्याच्या पात्याचे टोक त्याहून अधिक वेगाने फिरत असते. माणसाला काही जाणवून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पंख्याचे ४० फेरे आणि पात्यांचे ८० घाव होऊन जातात. तेव्हा “मी चपळ आहे, हात पटकन काढतो” या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. इतकी चपळाई देवाने कोणालाच दिलेली नाही.

इंजिन उलटा तडाखा का देते, तेही समजून घेतले पाहिजे. नळकांड्यात दट्ट्या वर चढतो तेव्हा वायू दाबला जातो. तो दट्ट्या माथ्यावर पोचल्यावर पेटला तर पंखा सुलट फिरतो. पोचण्याआधीच पेटला तर दट्ट्या आल्या वाटेने खाली ढकलला जातो आणि पंखा उलटा फिरून बोटावर येतो. मोटारसायकलीत ठिणगी नेमक्या वेळी पाडण्याची सोय असते. ग्लो-प्लगच्या इंजिनात ती नसते. तिथे एक तापलेली तार असते आणि इंधन पेटण्याची वेळ त्या तारेच्या उष्णतेवर नि इंधनाच्या प्रमाणावर ठरते. इंधन जास्त झाले की तडाखा ठरलेला. म्हणजे हा तडाखा नशिबाचा भाग नाही. त्याला कारण आहे, आणि ज्याला कारण आहे त्याला उपायही आहे.

हे सारे मी पुस्तकात नंतर वाचले. पण त्याचे मूळ मला लहानपणीच घरात मिळाले होते, हीच खरी बोच आहे. आमच्या कुळागरात पूर्वी पाण्याच्या पंपाला डिझेलचे इंजिन होते. लोखंडी हँडल मारून ते सुरू करायचे. मी दहा वर्षांचा असताना हट्ट केला तेव्हा आजोबांनी हँडल माझ्या हातात दिले नाही. आधी एक सुकी काठी दिली नि म्हणाले, “धर बघू.” मी ती मुठीत, अंगठा वळवून, नेहमीसारखी धरली. त्यांनी माझा अंगठा सोडवून बाकीच्या बोटांच्या रांगेत आणून ठेवला. “आंगठो बोटांवांगडा दवर.” अंगठा बोटांबरोबर ठेव. का, तर इंजिनाने हँडल उलटे मारले तर ते उघड्या मुठीतून निसटते. अंगठ्याने विळखा घातला असेल तर अंगठा किंवा मनगट मोडते. आठ दिवस मी नुसती काठी धरत होतो. मग हँडल मिळाले.

जगभर मोटारवाल्यांनी हा धडा मनगटे मोडून घेत शिकला. हँडल मारताना मनगटाजवळचे जे हाड मोडे, त्या मोडण्याला इंग्रजी वैद्यकात ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटार हाकणाऱ्याचा अस्थिभंग, असे नावच पडले. शेवटी चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींना तो बसवला गेला. तेव्हा कुठे हात नि इंजिन यांची ताटातूट झाली. कोणी त्या स्टार्टरला भित्र्याचा स्टार्टर म्हटले नाही. आज बटण दाबून स्कूटर सुरू करणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो काय? मग मॉडेल विमानाच्या इंजिनाला काठी लावणाराच भित्रा का ठरावा?

अनुभवी मंडळींचा यावर एक आक्षेप असतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, उघड्या बोटाला इंजिनाची नाडी कळते. दाब किती आहे, इंधन जास्त झाले काय, हे बोट सांगते, काठी सांगत नाही. खरे आहे. पण नाडी पाहायची ती प्लगची बॅटरी जोडण्यापूर्वी. बॅटरी सोडवलेली असताना पंखा हळूहळू फिरवून पाहावा, इंधन जास्त झाले असल्यास काढून टाकावे. बॅटरी जोडली की बोटाचे काम संपले, काठीचे सुरू झाले. डिझेल जातीच्या मॉडेल इंजिनात तर प्लगच नसतो. ईथर मिसळलेले इंधन केवळ दाबाने पेटते, म्हणजे ते इंजिन केव्हाही लागू शकते. तिथे नाडी पाहतानाही जाड चामड्याचा हातमोजा हवा.

बाकीचे नियम फार नाहीत. पहिला, विमान घट्ट धरलेले किंवा बांधलेले असावे आणि इंजिन सुरू करताना वेग सर्वांत कमी असावा. दुसरा, इंजिन लागताच पुढून उठून, पंख्याला वळसा घालून, मागे यावे. प्लगची चिमटी काढणे नि सुई फिरवणे ही दोन्ही कामे मागूनच करावीत. फिरत्या पंख्यावरून हात कधीही पलीकडे नेऊ नये. माझ्या दादाचे बोट या एका वाक्यात गेले. तिसरा, पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. पाते तुटले तर ते त्याच रेषेत बाजूला उडते. बघ्यांनी विमानाच्या मागे, बऱ्याच अंतरावर राहावे. चौथा, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, सैल बाही, उपरणे, ओढणी हे सारे आधी आवरावे. पाचवा, प्रत्येक वेळी पंखा तपासावा. बारीकशी चीर दिसली तरी तो चिकटवून वापरू नये, मोडून फेकून द्यावा, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही. नट घट्ट आहे की नाही हे पाहावे. सहावा, इंजिन थांबवायचे ते इंधनाची नळी चिमटून. फडके किंवा काटकी पंख्यात घालून नव्हे. डोळ्यांना साधा चष्मा असावा, कारण जमिनीवरचे खडे पंखा उचलून फेकतो. धातूच्या पात्यांचा पंखा तर लावूच नये. अमेरिकेतल्या मॉडेल विमानवाल्यांची जी मोठी संस्था १९३६ साली स्थापन झाली, तिच्या नियमावलीत धातूच्या पात्यांना मनाई आहे.

आता कोणी म्हणेल, हल्ली इंजिने कोण वापरतो? सगळे विजेवरच चालते. मित्रहो, विजेचे विमान मला अधिक भयंकर वाटते. इंजिन निदान आवाज करून, वास देऊन, आपण जागे असल्याचे सांगते. विजेची मोटर बॅटरी जोडल्याच्या क्षणापासून जागी असते, पण मुकाट असते. रिमोटच्या कांडीला चुकून धक्का लागला की पंखा फिरलाच. आणि इंजिन बोटावर अडखळून कधी बंद तरी पडते. मोटर अडखळली की अधिक वीज ओढून पुन्हा जोर लावते. म्हणून घरात, टेबलावर, मोटर तपासताना पंखा आधी काढून ठेवावा. बॅटरी जोडायची ती मैदानावर, शेवटी. पंख्याच्या बाजूला हात, तोंड काही नसताना. विमान उतरले की पहिले काम बॅटरी सोडवण्याचे.

आणि इतके करूनही इजा झालीच तर? स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी, हात छातीच्या वर उचलून ठेवावा, बोटात अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढावी. हळद, कॉफी, चुना काही घालू नये. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकडा उघडा बर्फाला लागू देऊ नये. गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. हे एवढे आम्हांला त्या संध्याकाळी ठाऊक असते तर निदान डॉक्टरांना प्रयत्न करायला काहीतरी हाती लागले असते.

आमच्या अभ्यासात कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ सालचा कायदा आला होता. त्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीत ३० टक्के घट. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९. हाड न जाता केवळ शेंडा गेला तर ५. वर्गात सर हे कोष्टक वाचत होते तेव्हा बाकीची मुले ‘९ टक्के’ असे वहीत लिहून घेत होती. मी लिहिले नाही. कारखान्यातल्या कामगाराला निदान त्या ९ टक्क्यांचा दाम मागता येत होता. खेळताना बोट गमावणाऱ्याने दाम कोणाकडे मागावा? आणि त्या कोष्टकात तबल्याचा रकाना नाही.

आता दुसऱ्या बाजूचा जमाखर्च पाहा. काठी घरची. रबरी नळीचा तुकडा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. मागून येऊन सुई फिरवण्याला पैसा लागत नाही, चार पावले लागतात. एका बाजूला चार पावले आणि दुसऱ्या बाजूला एक पेर. हा ताळेबंद समजायला वाणिज्याची पदवी लागत नाही. तरीही आपण तो रोज चुकवतो. का?

माझ्या मते त्याला कारणे दोन. पहिले हे, की इजेला आपण परीक्षा मानतो. “लागल्याशिवाय शिकता येत नाही”, “खेळ म्हटला की रक्त येणारच” ही वाक्ये आपल्याकडे मोठी माणसे कौतुकाने म्हणतात. ज्याच्या हातावर जास्त वळ तो जास्त जाणता. पण आमचे आजोबा जन्मभर हँडल मारत आले आणि त्यांची दहाही बोटे शाबूत होती. माझ्या लेखी जाणतेपणाची खूण ती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचे सांगितलेच नाही, उलट ती मिरवली, तर मागचा शहाणा व्हावा कसा? काठी हाताशी असताना बोट पुढे करणे याला शौर्य म्हणत नाहीत. आपल्या भाषेत त्याला फार जुना शब्द आहे: हात दाखवून अवलक्षण.

दुसरे कारण माझे स्वतःचे. लहानाने मोठ्याला टोकायचे नाही, हा आपला संस्कार. घरात, देवळात, वर्गात तो ठीक असेल. फिरत्या पंख्यापाशी तो ठीक नाही. विमान धरणारा मागे बसलेला असतो, त्यामुळे पुढच्याला न दिसणारे त्याला दिसते. म्हणून ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार त्याला आधीच दिलेला हवा. आणि तो शब्द आला की थोरला असो, शिक्षक असो, प्रत्येकाने हात मागे घ्यायला हवा. पूर्वीच्या काळी खऱ्या विमानांचे पंखेही हाताने फिरवीत. तेव्हा पंखा फिरवणारा आणि आत बसलेला वैमानिक यांच्यात शब्द ठरलेले असत. ‘स्विच ऑफ’ असे एकाने विचारायचे, दुसऱ्याने तेच परत म्हणायचे, मगच हात लावायचा. त्या शब्दांत मोठा कोण, लहान कोण, हा प्रश्नच नव्हता.

यावरून आपल्या महाविद्यालयापुढे एक सूचना ठेवतो. राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १९५० साली सुरू झाला, आणि त्याच्या शिक्षणात मॉडेल विमानांना जागा आहे. आपल्यातले काही जण त्या वाटेने, काही जण प्रदर्शनाच्या निमित्ताने, काही जण नुसत्या हौसेने असली यंत्रे हाताळणार. त्यांना बंदी घालावी असे मी म्हणत नाही. बंदी घातली की पोरे शेतात जातात, आम्ही गेलो तशी. मी म्हणतो ते इतकेच, की आजोबांनी मला जसे हँडल दिले तसे इंजिन द्यावे. आधी आठ दिवस काठी. पंखा न लावलेल्या इंजिनावर सगळ्या हालचालींची तालीम: बसायचे कुठे, उठायचे कसे, मागे यायचे कोणत्या बाजूने. ज्याला डोळे मिटून ते जमेल त्यालाच पंखा मिळेल. गॅदरिंगला विमान उडवून दाखवायचे असेल तर बघ्यांसाठी चुन्याची रेघ विमानाच्या मागे आखावी आणि ती ओलांडणाऱ्यासाठी इंजिन बंद करावे.

शेवटी भाषेचा प्रश्न. आपल्या या अंकाचे मराठी नि कन्नड असे दोन विभाग आहेत. आपल्या मैदानाचेही आहेत. धोक्याच्या क्षणी माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो आणि समोरच्याला ती कळेलच असे नाही. कन्नड विभागातल्या माझ्या एका मित्राबरोबर बसून मी एक फळी रंगवली आहे. तिच्यावर मराठीत ‘मागे रहा’ आणि कन्नडमध्ये ‘हिंदे निल्लु’ असे लिहिले आहे. खाली, जागा उरली म्हणून, माझ्या घरच्या कोंकणीत ‘फाटीं राव’. तिन्हींचा अर्थ एकच. प्राचार्यांनी परवानगी दिली तर ती मैदानाच्या फाटकाशी लावता येईल.

गेल्या चतुर्थीला दादाने मला पेडण्याला बोलावले. त्याने नवे विमान केले आहे. मी जाताना पेरूची एक सरळ फांदी तासून, टोकाला नळी चढवून, बरोबर नेली. दादाने ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली नि म्हणाला, “हिचे नाव काय म्हणालास?” मी सांगितले. तो म्हणाला, “नाव बदल.”

नवे नाव मला अजून सुचलेले नाही. वाचकांपैकी कोणाला सुचले तर कळवावे. तोवर मी तिला नुसती काठी म्हणतो.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य